ढिली मूठ

२०२५ च्या नोव्हेंबरचा पहिला आठवडा. रानात पाऊल टाकलं की चिखल अजून टाचेला धरून यायचा, त्यामुळं ट्रॅक्टर आत घालायचा प्रश्नच नव्हता. मग भावकीतल्या एकाची बैलजोडी सावडीनं आणली, गोठ्याच्या आढ्याला टांगलेली तिफण खाली उतरवली, तिच्या एका नळीत कुंभारमाशीनं केलेलं मातीचं घर काडीनं फोडून काढलं आणि दोन एकर ज्वारी पेरायला घेतली. उशीरच झाला होता. पण सप्टेंबरात ज्या रानात आठ दिवस गुडघाभर पाणी उभं होतं, तिथं दसऱ्याला ज्वारी पेरा म्हणून कोण सांगणार? आबांनी तिफण धरली. मायनं माझ्या कमरेला जुन्या धोतराच्या फडक्याची ओटी बांधली, तीत बी घातलं, उरलेलं पोतं बांधावर आपल्याजवळ ठेवून घेतलं आणि म्हणाली, "हो म्होरं." ओटी हलकीच होती. लेकाला ओझं नको म्हणून असेल, असं मला वाटलं आणि मनातल्या मनात जरा भरूनही आलं. मी आडतीवर हिशेब लिहिणारा माणूस; वर्षातून आठ-दहा दिवस रानात, तेही सणासुदीला. चार तासं, म्हणजे पेरणीच्या चार ओळी, झाली असतील-नसतील, तोवर मागून मायचा आवाज आला.

"मूठ लई ढिली हाय रं तुजी."

एवढंच. रागानं नाही, भाजीत मीठ जरा जास्त पडलंय असं सांगावं तसं. मी मूठ आवळली, दहा पावलं गेली आणि ती परत सैल झाली. संध्याकाळी हौदावर हातपाय धुताना, जेवताना, दुसऱ्या दिवशी एसटीनं लातूरला परतताना ते वाक्य काही डोक्यातून जाईना. कारण त्याच्या पंचवीस दिवस आधी एका रात्रीत बिटकॉइन-इथेरियमसारख्या आभासी नाण्यांच्या सौद्यात माझे दोन लाख चाळीस हजार रुपये गेले होते आणि मायला त्यातलं अक्षरही माहीत नव्हतं.

चाड्यावर मूठ धरायचं काम ज्यांनी केलंय त्यांना काही सांगायला नको. बाकीच्यांना वाटतं, बी टाकायचं म्हणजे टाकायचं, त्यात काय एवढं. तिफणीच्या डोक्यावर लाकडाचं चाडं असतं, त्याला तीन भोकं, भोकांतून नळ्या खाली फणापर्यंत गेलेल्या. बैल चालत असतात आणि आपण त्यांच्या चालीनं मुठीतून बी सोडत राहायचं. बी करंगळीच्या अंगानं सरकत उतरतं. ज्वारीचा दाणा गुळगुळीत. एकराला चार किलो म्हणजे डोंगर झाला. मूठ जरा सैल पडली की तासात दाण्यांची रांग लागते, जास्त आवळली की पाच-पाच पावलं रिकामी जातात. माणूस थकला की मूठ ढिली होते, बोलायला लागला की होते, आभाळ भरून आलं की उरकायच्या नादात होते. मायची मूठ मी लहानपणापासून बघत आलोय. बैल माशीनं हबकले, तिफण एका अंगाला गेली, बांधावरून कुणी हाक मारली, तरी तिची धार तुटत नाही आणि वाढतही नाही. पाऊस तिच्या हातात नसतो, भाव तर नसतोच नसतो. हातात असते ती मूठ.

माझ्या हातात असतो फोन. फ्युचर्सच्या, म्हणजे या नाण्यांच्या भावावर सौदे लावायच्या, ॲपवर सौदा टाकायच्या जागी एक पट्टी असते, तिच्यावर पाच ठिपके: शून्य, पंचवीस, पन्नास, पंच्याहत्तर, शंभर टक्के. अंगठ्यानं ठिपका सरकवला की प्रत्येक थांब्यावर फोन हातात बारीकसा थरथरतो. ती थरथर मला आवडायची, हे कबूल केलं पाहिजे. वरच्या कोपऱ्यात लेव्हरेजचा, म्हणजे अडकवलेल्या पैशाच्या किती पट सौदा घ्यायचा त्याचा आकडा: ५ एक्स, १० एक्स, २० एक्स, कुठं कुठं थेट १००. या शंभर पटीची चटक पहिल्यांदा लावली ती २०१६ मध्ये बिटमेक्स नावाच्या एक्स्चेंजनं आणलेल्या, मुदतच नसलेल्या पर्पेच्युअल करारानं. त्या साली आमच्या लातूरला मिरजेहून रेल्वेनं पिण्याचं पाणी येत होतं आणि आम्ही घागरी मोजत होतो, त्यामुळं जगात दुसरीकडं काय चाललंय याचा पत्ता नव्हता.

मी या बाजारात २०२१ मध्ये आलो, तेही लेव्हरेजशिवाय, नुसती नाणी घेऊन. २०२२ च्या मे महिन्यात लुना नावाच्या कोसळलेल्या नाण्यानं अठरा हजार खाल्ले. त्याच एप्रिलपासून नफ्यावर सरळ ३० टक्के कर लागला होता आणि एका नाण्यातला तोटा दुसऱ्याच्या नफ्यातून वजाही होत नाही. म्हणजे गेलेले हिशेबाच्या कामालाही आले नाहीत. तेव्हा गप बसायला पाहिजे होतं. पण आडतीवर बसणाऱ्या माणसाला भाव बघायची सवय लागते ती काय सुटत नाही. दिवसभर सोयाबीनचा सौदा कानावर, संध्याकाळी खोलीवर बिटकॉइन. पुढं फ्युचर्स शिकलो. आणि खरं सांगतो, नीट शिकलो. कालनिर्णयच्या मागच्या कोऱ्या पानावर निळ्या पेनानं नियम लिहून भिंतीला लावला होता: एका सौद्यात खात्याच्या एक टक्क्याहून जास्त जाता कामा नये.

या नियमाचं गणित पाचवीतल्या पोराला यावं इतकं सोपं आहे. खातं २,४०,००० चं, तर एक टक्का २,४००. भाव किती खाली गेला की आपण चुकलो असं मान्य करून बाहेर पडायचं, ते सौद्याच्या आधी ठरवायचं; ती रेघ म्हणजे स्टॉप. समजा चार टक्के. मग २,४०० ला चार टक्क्यांनी भागायचं. सौदा झाला ६०,००० चा. तो ५ एक्सनं घेतला तर १२,००० अडकतात, २० एक्सनं घेतला तर ३,०००. स्टॉप लागला की दोन्हीकडं तोटा तेवढाच, २,४००. लोक एक्सच्या आकड्याला भितात, मीही भ्यायचो. तो आकडा म्हणजे नुसता इसार. जमिनीच्या व्यवहारात पंच्याहत्तर हजार इसार देऊन पंधरा लाखांचं रान बोलून येतात, तेव्हा गावात कुणी असं म्हणत नाही की याचा व्यवहार पंच्याहत्तर हजारांचा झाला. सगळे पंधरा लाखच म्हणतात. ॲपवर मात्र आपल्याला इसारच मोठ्या अक्षरात दिसतो आणि खरा आकडा खाली करड्या रंगात, बारीक.

इसाराचेही दोन प्रकार आहेत. आयसोलेटेड म्हणजे सौदा फिसकटला तर इसार बुडाला, विषय संपला. क्रॉस म्हणजे इसार पुरला नाही तर त्यानं आपल्या घरात शिरून भांडी उचलायची, खात्यातलं उरलेलं सगळं त्या सौद्याच्या मागं उभं. क्रॉसमध्ये जीव जरा उशिरा जातो, म्हणून ते सुरक्षित वाटतं. माझं खातं कायम क्रॉसवर असायचं. सुरुवातीला होतं तसंच राहिलं, बदलावं असं कधी वाटलं नाही.

२०२५ मध्ये मे ते सप्टेंबर मी तो नियम पाळला. कंटाळवाणं काम आहे हे. चार-चार दिवस सौदाच नाही, कधी लागलेला स्टॉप, कधी दोन-तीन हजारांचा फायदा. ओळीनं सात सौदे चुकले तरी खात्याला फारसं काही झालं नाही, दोन लाखांचे हळूहळू दोन चाळीस झाले. दहा सौदे लागोपाठ बुडाले तरी एक टक्क्याच्या माणसाकडं शंभरातले नव्वद उरतात. दहा-दहा टक्के लावणाऱ्याकडं पस्तीस, आणि त्या पस्तिसाचे परत शंभर करायला जवळपास तिप्पट करावे लागतात. हे सगळं मला तोंडपाठ होतं. नांदेडच्या मित्राला फोनवर मी शिकवतही होतो.

मग सप्टेंबर आला.

मराठवाड्यातल्या माणसाला त्या महिन्याचं वर्णन करून सांगायची गरज नाही. ज्या मुलखाला टँकर पाठ आहेत त्याला नावा बघायला मिळाल्या. आमचं पाच एकर सोयाबीन काढणीला आलं होतं. पाणी ओसरल्यावर मी गेलो तेव्हा शेंगांतूनच मोड बाहेर आले होते, पांढरे, आळीसारखे. वास असा की रात्री जेवण गेलं नाही. सोयाबीनमध्ये तूर घेतली होती; एक गेलं तर दुसरं हाताशी म्हणून आमच्याकडं पिढ्यान्‌पिढ्या आंतरपीक घेतात. पण पाणी उभं राहिलं की तूरही उभळते, तीही उभ्या उभ्या वाळली. जे काही मळून निघालं ते काळं पडलेलं, डागी. त्या हंगामाचा हमीभाव ५,३२८ रुपये क्विंटल होता. आमच्या ढिगाला त्याच्या निम्म्यावर बोली लागली आणि त्या सौद्याची पट्टी मीच माझ्या हातानं लिहिली. आबा समोर बाकावर बसले होते. पट्टी त्यांनी घडी घालून खिशात ठेवली, वाचली नाही. "चहा पाज," म्हणाले.

त्या रात्री खोलीवर मी वहीत मांडलं. बियाणं, खत, फवारणी, काढणी, मळणी. घरचं कष्ट धरलंच नाही. आकडा निघाला एक लाख साठ हजारांचा. त्याच्याखाली मी रेघ मारली आणि रेघेखाली लिहिलं: "दिवाळीपर्यंत." ते पान अजून माझ्याकडं आहे. पुढं जे झालं त्याचं मूळ मला त्या एका शब्दात दिसतं. तोवर माझा सौदा केवढा असावा ते स्टॉपचं अंतर ठरवायचं. त्या रात्रीपासून घरची गरज ठरवायला लागली. चार टक्के भाव वाढला तर साठ हजारांच्या सौद्यात मिळतात चोवीसशे रुपये. चोवीसशेनं कुणाचं काय भरून निघतं?

६ ऑक्टोबरला कोजागिरी होती. गच्चीवर शेजारपाजारचे जमलेले, पातेल्यात दूध उकळतंय, जायफळाचा वास, आणि मी कठड्याला टेकून फोनमध्ये. त्याच दिवशी बिटकॉइननं १,२६,००० डॉलरचा टप्पा गाठला, तोवरचा सगळ्यात वरचा. बायकोनं पेला हातात देत विचारलं, "चंद्र बघितला का?" मी बघितला म्हणालो.

शुक्रवारी, १० तारखेला, संध्याकाळी साडेआठच्या सुमारास ट्रम्पची चीनवरची पहिली पोस्ट आली आणि बाजार घसरायला लागला. मला वाटलं, हीच वेळ. पडलेल्या भावात इथेरियम घेतलं. पट्टीवरचा ठिपका सरकवला, थरथर, थरथर. २० एक्स. अडकले ७५,०००, सौदा पंधरा लाखांचा. चार टक्क्यांवर स्टॉपही लावला, शिस्तीचा माणूस ना मी. पण पंधरा लाखांचे चार टक्के म्हणजे साठ हजार. खात्याचा चौथा हिस्सा. साडेअकराच्या सुमारास भाव खाली सरकत त्या लाल रेघेजवळ आला तेव्हा मला ती रेघ बघवेना. चोवीसशेचा स्टॉप लागतो तेव्हा माणूस कुस बदलून झोपतो. साठ हजारांचा स्टॉप लागू द्यायला काळीज लागतं, ते माझ्याकडं नाही. "इथनं उचलणारच," असं स्वतःशी म्हणत मी स्टॉप काढून टाकला, फोन स्वयंपाकघरात चार्जिंगला लावला आणि झोपलो. लोक म्हणतात स्टॉप पाळायला शिस्त लागते. मला वाटतं, शिस्त सौदा टाकतानाच लागते. एकदा मूठ सुटली की पुढं स्टॉप पाळणं माणसाच्या हातात फारसं राहत नाही.

पहाटे साडेपाचला उठलो ते नळाला पाणी येणार होतं म्हणून. लातूरला नळाचा दिवस चुकवून चालत नाही. मोटर लावली, टाकीत पाणी पडायचा आवाज सुरू झाला आणि मग फोन उचलला. मध्यरात्रीनंतर अडीचच्या आसपास चीनच्या मालावर १०० टक्के जादा कराची घोषणा झाली होती. त्यानंतरच्या अर्ध्या तासात बिटकॉइन १,०५,००० च्या आसपास, बाकीच्यांचं तर बोलूच नये. इथेरियम माझ्या खरेदीपासून पंधरा टक्के खाली गेलं. पंधरा लाखांचे पंधरा टक्के, सव्वादोन लाख. उरलेल्या पंधरा हजारांवर एवढा मोठा सौदा उभा राहू शकत नाही, म्हणून यंत्रानं तो आपोआप विकून टाकला. खात्यात ३१२ रुपये होते. मी आकडा दोनदा वाचला, मग मोटर बंद करायला गेलो, कारण टाकी भरून पाणी जिन्यावरून वाहायला लागलं होतं. खालच्या मजल्यावरच्या काकू ओरडत होत्या. त्यांना "आलो, आलो" म्हणताना माझा आवाज अगदी नेहमीसारखा निघाला, त्याचंच मला नवल वाटलं.

नंतर कळलं की त्या चोवीस तासांत जगभरात एकोणीस अब्ज डॉलरहून जास्त किमतीचे सौदे असे मोडले गेले, सोळा लाखांवर खाती. इतके लोक आपल्यासारखेच, या विचारानं बरं वाटायला पाहिजे होतं, वाटलं नाही. नांदेडचा मित्र माझ्यापेक्षा हुशार. त्यानं एका बाजूला छोटी छोटी नाणी घेतली होती आणि तेवढ्याच किमतीचं बिटकॉइन आधी विकून ठेवलं होतं, म्हणजे बाजार पडला तर इकडचं तिकडं भरून निघेल. पण बुडालेल्यांचा तोटा एक्स्चेंजच्या राखीव निधीलाही झेपेना झाला की फायद्यातले सौदेसुद्धा जबरदस्तीनं बंद करतात. त्याचा विकलेला सौदा असा मध्येच बंद झाला आणि छोटी नाणी उघड्यावर पडली. ती काही मिनिटांत निम्म्याहून खाली गेली. पाच नाणी म्हणजे पाच टोपल्या असं तो समजत होता. पुरात सोयाबीन आणि तूर बरोबरच जातात.

सोमवारी इथेरियम माझ्या खरेदीच्या वर होतं.

म्हणजे माझा अंदाज बरोबर होता आणि तो बरोबर ठरला तेव्हा मी तिथं नव्हतो. नियमाप्रमाणं साठ हजारांचा सौदा असता तर चोवीसशे देऊन आधीच बाहेर पडलो असतो. स्टॉप काढायचा मूर्खपणा केला असता तरी नऊ हजारांच्या खड्ड्यातून सोमवारी वर आलो असतो. हे गणित मी दोन आठवडे उगाळलं. मग नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात बिटकॉइन ८५,००० च्या खाली आणि इथेरियम तीन हजारांच्या खाली गेलं, आणि माझं बरोबर असणंही तीन दिवसांचंच होतं हे उघड झालं. त्या दिवशी मला जरा हसू आलं.

बायकोला मी तिसऱ्या दिवशी सांगितलं. ती पोळ्या लाटत होती. लाटणं थांबलं नाही. बऱ्याच वेळानं म्हणाली, "आपण वरच्या मजल्यावरून खाली जाणार होतो ना, डिपॉझिट भरून?" तेवढंच. ती चिडली असती तर मला भांडता आलं असतं. शेअर बाजारातल्या फ्युचर्स-ऑप्शन्समध्ये शंभरातले त्र्याण्णव लोक तोट्यात जातात असं त्या बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीनंच २०२४ मध्ये सांगितलं होतं. ती बातमी मी तिला मोठ्यानं वाचून दाखवली होती, सात जणांतला असल्यासारखी. आणि इथं तर सेबीही नाही.

आबांना अजून सांगितलेलं नाही. सांगावं असं खूपदा तोंडावर येतं आणि बोअर आठवतो. माझे आबा पहिल्या पावसावर कधी सगळं बी पेरत नाहीत. चांगली ओल उतरल्याशिवाय तिफणीला हात नाही आणि पेरलं तरी एक पिशवी शिवलेली तशीच राहते, दुबार पेरणीची. लोक हसायचे. मी लिहिलेला एक टक्क्याचा नियम त्यांनी कधी वाचला नाही, पण जगले त्याच नियमानं, असं मी हा लेख लिहायला बसलो तेव्हा लिहिणार होतो. मग २०१६ चा उन्हाळा आठवला. पाणाड्यानं हातावर नारळ उभा करून जागा दाखवली. पहिला बोअर साडेचारशे फुटांवर कोरडा. दुसरा सहाशे. मशीन गरगरतंय, पांढरा फुफाटा झाडाच्या शेंड्यापर्यंत, सगळ्यांच्या भुवया पांढऱ्या, आणि मशीनवाला दर खेपेला तेच विचारतोय, "मालक, अजून पन्नास फूट घ्यायचं का?" खोली वाढली की फुटाचा दरही वाढतो. आबा टॉवेलनं तोंड पुसायचे आणि मान हलवायचे. बियाण्याची पिशवी शिवून ठेवणारा तोच माणूस. मायनं पाटल्या काढून दिल्या तेव्हा तिसरा घेतला. सातशे वीस फुटांवर करंगळीएवढं पाणी लागलं आणि ते पुढच्या उन्हाळ्यात आटलं. आमच्या घरात तो तिसरा बोअर अजून "पाणी लागलेला" म्हणून सांगतात. आधीचे दोन कुणी मोजत नाही. तेव्हा मी हिशेब लिहायला नुकता लागलो होतो आणि मला आबांचा भयंकर राग आला होता. आता येत नाही. साडेअकराला स्टॉप काढणारा अंगठा आणि फुफाट्यात हललेली ती मान, दोन्ही मला सारखीच वाटतात. तहान लागलेल्या माणसाला किती खोल जायचं ते ठरवता येत नाही.

मी सोडलं का? नाही. वीस हजार घालून परत सुरू केलंय. आयसोलेटेडवर. एक टक्का म्हणजे दोनशे रुपये, सौदा पाच हजारांचा. दुपारी दीडला आणि रात्री साडेनऊला फंडिंगचे, म्हणजे सौदा चालू ठेवायच्या भाड्याचे, चार-दोन रुपये इकडून तिकडं होतात. आडतीवरचा हमाल एका दिवसात माझ्या महिन्याच्या नफ्याहून जास्त कमावतो. कधी कधी वाटतं की हे शहाणपण असेल, कधी वाटतं की नुसती दारुड्यानं बाटलीचा वास घ्यावा तसली गत आहे. दोन्ही खरं असू शकेल.

नोव्हेंबरच्या शेवटी विरळणीला गेलो. ज्वारी वीतभर झाली होती आणि कुणी कुठं पेरलं ते रानात लिहून ठेवल्यासारखं दिसत होतं. बांधाकडची मायची तासं कशी, दोरी लावल्यासारखी. माझी तासं म्हणजे इथं गर्दी, तिथं गर्दी, मध्येच टक्कल. दोन रोपांत वीतभर अंतर ठेवायचं आणि बाकीची उपटायची. ऐकायला सोपं. खाली बसून बघितलं की दोन्ही रोपं सारखीच टवटवीत, दोघांच्याही पानात दहिवर साठलेलं. मी एकेका ठिकाणी थांबत होतो, माय मागून सपासप उपटत येत होती. उपटलेल्याचा जनावरालाही उपयोग नाही, कोवळी ज्वारी बाधते. नुसती बांधावर टाकून द्यायची.

दुपारी भाकरी खाताना मी बघत होतो तेव्हा एक गोष्ट लक्षात आली. माझी वेडीवाकडी तासं अर्ध्या पट्ट्यातच संपत होती. पुढचं सगळं परत मायच्या हातचं. मी विचारलं, "मी तर शेवटपर्यंत गेलो होतो की. मग हे कुणी पेरलं?"

"तुजी वटी मोकळी झालती. तू पाणी प्यायला गेलास तवा म्या पेरलं."

"एवढ्यात कशी मोकळी झाली?"

माय कांदा फोडत होती. बुक्कीनं फोडला, निम्मा माझ्या भाकरीवर ठेवला.

"दीड किलोच घातलतं तुज्या वटीत. मूठ ठावी हाय मला तुजी."